तक्ता पाठ आहे

४ मार्च, सोमवार

आणखी एक तागा परत आला! आठ दिवसांतला तिसरा. तुटका धागा, चांगला हातभर लांब, आणि शेवटी शिक्का माझा. बारा वर्षं दिव्याच्या टेबलावर कापड तपासते आहे. खालून उजेड, वरून कापड सरकतं, दोष दिसला की लाल पट्टी चिकटवायची. सगळे मला 'घार' म्हणतात. आज मुकादम म्हणाले, "घारे, डोळ्यांत तेल घालून काम कर जरा!" तेल घातलं तर आणखीच धूसर दिसेल. हे मी बोलून दाखवलं. नको होतं बोलायला.

५ मार्च

टेबलाचा उजेड टोचतो. दिव्यांना शेपट्या फुटतात. मग मुठी डोळ्यांवर दाबून चोळते — गोल गोल, जोरात. लहानपणापासूनची सवय. तेवढंच बरं वाटतं.

७ मार्च, गुरुवार

महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर पॅकिंगला — मुकादम. पॅकिंग! तिथे दिवसभर चिकटपट्टी टर्रकन ओढतात, रेडिओ चालू, वर दहा जण एकदम बोलतात. दोन तासही टिकणार नाही मी. म्हणजे नोकरी गेलीच. मला टेबल हवं. बाकी काही नको.

एवढं सुनावून झाल्यावर मुकादम वही हातभर लांब धरून बसले, आणि मग नेहमीसारखे ताग्यांचे नंबर माझ्याकडूनच वाचून घेतले. माझा आवाज स्पष्ट आहे म्हणे.

११ मार्च, सोमवार

डोळे तपासले. दरवर्षीसारखेच — कँटीनमध्ये, कंपाउंडर, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. "शेवटच्या ओळीत काय आहे?" ग, न, र, प, ल, म. "ठणठणीत!"

डोळे ठणठणीत म्हटल्यावर खापर कशावर फुटणार? ऑटिझमवर! चार वर्षांपूर्वी, तिसाव्या वर्षी, तो निदानाचा कागद हातात आला तेव्हा वाटलं होतं, आता तरी लोकांना कळेल. कळलं ते एवढंच, की काहीही बिनसलं तर त्यावर ढकलता येतं. मुकादम म्हणाले, "लक्ष ठिकाणावर नाही तुझं. तुझ्या त्या... त्याच्यामुळे." संध्याकाळी ताई म्हणाली, "माणसांच्या डोळ्यांत बघत नाहीस, तसं कापडाकडेही बघत नसशील." ताईसुद्धा! जेवले नाही.

१२ मार्च

चोळले. खूप.

१६ मार्च, शनिवार

ताईने डोळ्यांच्या बाईंची वेळ घेतली. रुसवा काढायला, असं भावोजी म्हणाले. बाई बऱ्या आहेत. काय करणार ते आधी सांगतात — "आता थेंब, गार लागेल, पाच मोजेपर्यंत." आणि खरंच पाचच!

मग खोलीत अंधार करून डावा डोळा झाकला. "समोर तक्ता आहे. शेवटच्या ओळीत काय लिहिलंय?" तोच, कँटीनमधलाच तक्ता. आत येताना जवळून पाहिला होता. घडाघडा सांगितलं.

"मी अजून तक्त्याचा दिवा लावलेला नाही," बाई म्हणाल्या. "वाचलंत की आठवलंत?"

"आठवलं. काय लिहिलंय ते विचारलंत तुम्ही."

ताई हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाच लागली. मला कळेना, माझं चुकलं काय! कँटीनमध्ये माझी जागा त्या तक्त्यासमोर आहे. बारा वर्षं रोज जेवताना समोर तेच. पाठ होणारच. दिसतं का, असं कुणी विचारलंच नव्हतं.

वेगळी अक्षरं लावली. उजव्या डोळ्याने वरच्या दोन ओळी. बस्स.

१८ मार्च

बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे टोकदार आलाय. दोन्हीकडे, उजव्यात जास्त. चोळण्याने हे वाढतं. कडक लेन्स लावून बघायची, आणि चोळणं आजपासून बंद. ताई म्हणाली, "जित्याची खोड आहे हो ती!" बाई म्हणाल्या, "मग हातांना दुसरं काहीतरी द्या."

ज्याने बरं वाटायचं त्यानेच डोळे खाल्ले. फार वाईट वाटतंय. जाड कापडाची कड कापून खिशात ठेवलीय. ती चोळते. तितकं बरं नाही वाटत.

१९ मार्च

ताईने बजावलं होतं, "तक्त्याचं बोलू नकोस, फसवलंस म्हणतील." पण लेन्ससाठी मुदत मागायला गिरणीच्या साहेबांकडे गेले, तर त्यांनी विचारलंच — आठवड्यापूर्वी ठणठणीत होते ना डोळे? सांगून टाकलं. पाठ होता म्हटलं. साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत असावेत. मी टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत होते. एप्रिलअखेरपर्यंत मुदत मिळाली. आणि कँटीनमधला तक्ता बदलणार, सगळ्यांची पुन्हा तपासणी.

मुकादमांनी दुपारपासून अबोला धरलाय. नंबरसुद्धा वाचून घेतले नाहीत. मी काय त्यांचं घोडं मारलंय?

२ एप्रिल

लेन्स. भयंकर! डोळ्यात खडा गेल्यासारखं. दहा मिनिटांत काढली. हात सारखा डोळ्याकडे जातो, खिशातली कड पार उसवली.

९ एप्रिल

चार तास!! कड नवी घेतली.

१५ एप्रिल, सोमवार

आठ तागे, सात दोष, एकही सुटला नाही. साहेबांनी मागून पुन्हा तपासून घेतले. दिव्यांच्या शेपट्या गेल्या! धागा न् धागा सुटा दिसतो. "टेबल तुझंच," म्हणाले साहेब. ताईला फोन केला तर ती नुसतीच नाक ओढत बसली.

कँटीनमध्ये नवा तक्ता लागला. तपासणी शुक्रवारी.

१७ एप्रिल, बुधवार

मुकादम जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसले. बारा वर्षांत पहिल्यांदा. हळूच म्हणाले, "घारे, नवा तक्ता पाठ झाला असेल ना तुझा? मला सांग ना."

झालाय पाठ. सांगितला नाही. विचारलं, "मुकादम, दिसतं का तुम्हाला?"

त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

उद्या त्यांना बाईंकडे नेते आहे.