बदकाकडे पाठ

ती. भावोजी यांस, दातओठ खाऊन शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा खोकला कसा आहे? ताईलाच विचारणार होतो, पण ती म्हणते, "तुमच्या भांडणात मला ओढू नका." इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

भावोजी, माझं डोकं अजून तापलेलं आहे. गेल्या रविवारी हाडं गोठवणाऱ्या थंडीत आपण अभयारण्याच्या तळ्याकाठी लपणात बसलो होतो (पक्षी बघायच्या त्या फळकुटांच्या खोपटाला लपण म्हणतात, तुम्ही अजून 'टपरी'च म्हणता). समोर नेहमीची थापट्या बदकं. तुम्ही खिशातून खोकल्याची गोळी काढलीत आणि तिचा तो चुरचुरणारा कागद असा सावकाश सोलायला घेतलात की आत हिराच आहे. पहिल्या गोळीला बगळा उडाला, दुसरीला अर्धं तळं. तिसरीला मी, तुमचा धाकटा मेहुणा असूनही, म्हणालो की गोळ्या खायच्यात की पक्षी बघायचेत ते एकदा ठरवा. एवढंच म्हणालो. (आणखी एक वाक्य होतं, पण रागातलं धरायचं नसतं.) त्यावर तुम्ही स्टूल उचललंत, फिरवलंत आणि तळ्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसलात. नातवंडांचे आजोबा तुम्ही!

आणि नेमकं तेव्हाच ते आलं. पांढरं डोकं, फुगीर चोच, उभी शेपटी. आपल्या तळ्यावर आजवर कुणीही न पाहिलेलं बदक! मी तुमची बाही ओढली, कोपर मारलं, शेवटी चिमटा काढला. तुम्ही ढिम्म.

आपल्या मंडळाचा नियम तुम्हाला माहीत आहे. दोघांनी पाहिला तरच पक्षी पाहिला, नाहीतर फाटकाजवळच्या फळ्यावर त्याचं नाव चढत नाही. चिटणीसबाईंनी तुम्हाला विचारलं. जन्मभर कोर्टात साक्षीदार उभे करणारे वकील तुम्ही, आणि सख्ख्या मेहुण्याच्या वेळी म्हणालात, "मला भिंत दिसली. भिंत चांगली होती." सगळे खो खो हसले. वर बाई मला सांगतात, थंडीत काचेवर वाफ धरते हो. मला! अख्ख्या बाजाराला चष्मे देणाऱ्या माणसाला! आता दुकानात जो येतो तो विचारतो, बदक कितीच्या नंबरातून दिसलं. भावोजी, मला फार लागलंय ते.

यापुढे मी तुमच्याबरोबर तळ्यावर पाऊल टाकणार नाही, हे कळवायलाच हे पत्र. ताईला नमस्कार. तुम्हाला वर घातलाय तेवढा पुरे.

आपला (नाइलाजाने)
मेहुणा

ता. क. बदक अजून तिथंच आहे. येत्या रविवारी या. काही बोलू नका, नुसतं बघा. फळ्यावर नाव चढलं की पुन्हा अबोला धरू.

ता. क. २ : पत्र पेटीत टाकायला निघालो तो तळ्यावरून गेलो. बदक निघून गेलंय. तरी या. मला तिथं एकट्याला करमत नाही. गोळ्यांची काळजी नको. एक पाकीट आणून दुकानात बसून एकेकीचा कागद काढलाय, आणि सगळ्या चष्म्याच्या डबीत भरून ठेवल्यात.