तार न लावता

लेहतोवारा, १३ जानेवारी २००८

ती. कौकोभावजींना लेम्पीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पुन्हा पत्रच. तुमच्या भावाला जाऊन चौदा महिने झाले. आर्मासची गाडी आता त्याच्यासारखीच वागते: घरी शहाणी, परगावी हट्टी. अंगणातून पहिल्या किल्लीला निघते. पण सासूबाईंच्या वृद्धाश्रमापाशी तीन तास उभी राहिली, की सुरू व्हायचं नाव घेत नाही. बुधवारी पंचवीस मिनिटं किल्ली फिरवत बसले होते.

गॅरेजवाला म्हणतो, पेट्रोलचा पंप बदला, चारशे युरो. तेवढे माझ्याकडे नाहीत. आणि सासूबाई फार उतरल्या आहेत. आर्मास गेला तेव्हा त्याच्यापाशी आपलं कोणी नव्हतं, हे त्या विसरत नाहीत. मी परक्या हातात मरणार नाही, तू यायचंस, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं आहे. चाळीस किलोमीटरची वाट आणि दिवसाला एक बस. तुम्ही आयुष्यभर इंजिनं उघडलीत. काय करू ते कळवा.

लोभ आहे, तो तसाच राहू द्या.

लेम्पी

*

उमेओ, १९ जानेवारी

प्रिय लेम्पीवहिनींना कौकोचा स. न. वि. वि.

पंप बदलू नका. न तपासता भाग बदलणाऱ्याला आम्ही कारखान्यात दुकानदाराचा जावई म्हणायचो. किल्ली दिल्यावर मागच्या सीटखाली पंप घुंई करतो का, ते ऐका. मग गाडी अडून बसेल तेव्हाच एक स्पार्क प्लग काढा. ओला असेल तर ठिणगी पडत नाही, कोरडा असेल तर पेट्रोल पुरत नाही. आर्मासची पान्ह्यांची पेटी कोठारात असेल.

गुडघे साथ देत नाहीत, नाहीतर समुद्र ओलांडून मीच आलो असतो. आईला सांगा, उन्हाळ्यात नक्की येतो.

माया असू द्या.

तुमचा कौको

*

लेहतोवारा, २५ जानेवारी

ती. भावजींना सा. न. वि. वि.

फिरत्या वाचनालयाच्या बसमधून दुरुस्तीचं पुस्तक आणलं. बसमधल्या बाईंनी विचारलं, प्रेमकथा संपल्या वाटतं? मी म्हटलं, संपल्या. पुस्तक दोनदा वाचलं.

बुधवारी वृद्धाश्रमाच्या आवारात, उणे एकोणीसमध्ये, प्लग काढला. ठणठणीत कोरडा. पंप मात्र घुंई करतो. बॅटरी नवी आहे. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. नंतर म्हणाल्या, आर्मासला वेळ कमी लागला असता आणि शिव्या जास्त. तुमचा निरोप दिला, तर म्हणाल्या, कोणत्या उन्हाळ्यात ते विचार त्याला.

पंप चालतो, मग पेट्रोल का पुरत नाही? पुस्तकाचं आणि माझं दोघांचं डोकं इथे थांबलं.

आठवण असावी.

लेम्पी

*

उमेओ, १ फेब्रुवारी

प्रिय लेम्पीवहिनींना स. न. वि. वि.

शाबास. प्लग असा नेमक्या वेळी काढणारे कारखान्यातही थोडेच होते.

गाडी घरी शहाणी का, याचा मी दोन दिवस विचार करत होतो. काल शेजाऱ्याला गाडीची तार अंगणातल्या विजेच्या खांबाला लावताना पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तुम्हीही रोज लावत असणार. विजेवर इंजिन आधीच गरम होतं, मग घरी खोड दिसणार कशी! आपल्याला तारेची इतकी सवय, की दुखणं सांगताना ती कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. वृद्धाश्रमात पाहुण्यांना खांब नसेल.

इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर बिघडला असावा. पाणी गार असताना तो गरम सांगतो, म्हणून पेट्रोल कमी सुटतं. भाग स्वस्त आहे, पण आधी खात्री करा. एक रात्र तार लावू नका. सकाळी अंगणातच अडली, तर सेन्सर मीटरने मोजा.

लोभ वाढावा.

कौको

*

लेहतोवारा, ८ फेब्रुवारी

ती. भावजींना सा. न. वि. वि.

आई गेल्याचं वृद्धाश्रमाने तुम्हाला कळवलंच असेल. कसं झालं ते मी लिहिते.

मंगळवारी संध्याकाळी तार हातात घेतली आणि तशीच खुंटीला अडकवली. बुधवारी पावणेसातला फोन आला: श्वास बदलला आहे, लगेच निघा. उणे चोवीस होतं. गाडी सुरू झाली नाही. तुमचं निदान बरोबर निघालं.

तार लावली. गरम व्हायला दोन तास लागतात. टॅक्सी शाळेच्या फेरीवर होती, शेजारी कामावर गेले होते. मी कोट घालून स्वयंपाकघरात उभी राहिले. साडेआठला फोन पुन्हा वाजला. मग घाई उरली नाही.

पोचले तेव्हा, गेलेल्या जीवाला वाट म्हणून, त्यांच्या खोलीची खिडकी उघडून ठेवली होती. नर्स म्हणाली, मी हात धरला होता. चांगली बाई आहे. पण मी नव्हते.

हे तुम्हाला लिहू नये असं वाटलं होतं. दफन १ मार्चला आहे.

लेम्पी

*

उमेओ, १४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी, न. वि. वि.

तार लावू नका असं मीच लिहिलं होतं. आधी आईची तब्येत विचारायला हवी होती. मी इंजिनाचा विचार केला, आईचा केला नाही. कोणत्या तोंडाने येऊ? लोकांना गुडघ्यांचं कारण सांगा. फुलं पाठवतो.

कौको

*

लेहतोवारा, १९ फेब्रुवारी

ती. भावजींना सा. न. वि. वि.

सेन्सर मोजला. गार असताना आणि गरम असताना आकडा हललाच नाही. नवा सतरा युरोला मिळाला. बसवताना पाणी बाहीत गेलं, तेवढंच. त्यानंतर तीन रात्री तार लावली नाही, आणि तिन्ही सकाळी गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.

गुडघ्यांचं कारण मी कोणाला सांगणार नाही. या वयात मला खोटं बोलायला शिकवू नका. चूक अर्धी तुमची आहे, ती मी अजून माफ केलेली नाही. उरलेली अर्धी माझी आहे, तीही नाही. पण शवपेटी खाली सोडायला सहा पट्टे असतात आणि डोक्याकडचा मोठ्या मुलाचा. पाच माणसं ठरली आहेत. तुमच्या जागी कोणाला घ्यायचं, असं पाद्रीबाईंनी विचारलं. मी म्हटलं, कोणालाच नाही. उभं राहवत नसेल तर मी तुमच्या काखेत हात घालीन, पण पट्टा तुम्हीच धरायचा.

२८ तारखेला दुपारच्या बोटीने या. वासा बंदराच्या धक्क्यावर तार लावायला खांब नाही. गाडी बंद करून मी तिथे तुमची वाट बघते.

लेम्पी