पुरुषभर पाणी

आर्कान्सा, अमेरिका, ४ मार्च २०२४

ती. अमरसिंहमामांस,
शहाजीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा फोन वेण्णार नदीतल्या माशांनी नेला, म्हणून पत्र. तुमच्या लेकीचा, भुवनेचा नंबर तर तुम्ही देत नाही. माझं अक्षर आठवीत शाळा सोडली तिथंच उभं आहे, हसू नका.

तळ्याकाठच्या हॉटेलात कांदे चिरतो आणि सुटीला गळ टाकतो. इथं क्रॅपी नावाचा चपटा, ठिपक्यांचा मासा आहे. सगळ्यांना लागतो, मला सोडून. गळाला रबरी किडा लावतात. मी गुलाबी लावला, तुमच्या लग्नातल्या फेट्यासारखा. मासे मामीसारखे तोंड फिरवून गेले. तळापर्यंत सोडला, तर शेवाळ आलं. शेजारचा म्हातारा बसल्या जागी बादली भरतो.

मासा धरता येत नाही त्याला भुवना देणार नाही, असं तुम्ही स्टेशनवर सगळ्यांदेखत म्हणालात. आता पापनाशमचा रघोजी तिच्यासाठी टोपलीभर विराल मासे घेऊन येतो म्हणे. बाजारातले असणार! रंग कुठला, खोली किती, लवकर कळवा.

लोभ असू द्या, निदान मासा लागेपर्यंत.
तुमचा भाचा
शहाजी


तंजावूर, २५ मार्च

चि. शहाजीस अनेक आशीर्वाद.

रघोजीचे विराल बाजारचेच. पण बाजारात जायची अक्कल तरी आहे त्याला.

पाणी गढूळ असलं तर पोपटी लाव, नितळ असलं तर पांढरा. तळ सोड. असला मासा मध्येच लोंबतो आणि वर बघतो. आमिष त्याच्या डोक्यावर हवं. पुरुषभर खोल सोड. पुरुष म्हणजे तुझ्यासारखा ताड नव्हे. मी भुवनेला काठावर उभी करतो आणि तिच्या उंचीएवढी दोरी मोजून गाठ मारतो. तिथं भुवना नाही, त्याला मी काय करू?

मामी विचारते, जेवतोस ना? मी विचारत नाही.
अमरसिंह


आर्कान्सा, १७ एप्रिल

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

लागले! भुवनेचं डोकं बरोबर माझ्या हनुवटीला लागतं, वेणीत मोगरा असला तर ओठाला. मोगरा वगळून, पायापासून हनुवटीपर्यंत दोरी मोजली. पाणी गढूळ, म्हणून पोपटी. या माशाचं तोंड कागदाचं असतं, हिसडा दिला की फाटतं; हळू ओढलं. परातभर निघाले! म्हातारा उठून माझ्याशेजारी येऊन बसला. फोटो पाठवलाय. रघोजीला म्हणावं, टोपली उचल.

लोभ आता वाढवायला हरकत नाही.
शहाजी


तंजावूर, ८ मे

चि. शहाजीस आशीर्वाद, या खेपेला एकच.

फोटो पाहिला. मासे चांगले आहेत.

भुवनेला मी काठावर कधीच उभी केलेली नाही. माझी दोरी मी बांबूनं मोजतो. कुणाचं डोकं आपल्या हनुवटीला लागतं हे कळायला किती जवळ उभं राहावं लागतं, ते मामीला उभी करून पाहिलं. ती अजून हसते आहे. आणि मोगऱ्याचं तर मी विचारलंही नव्हतं, अडाण्या! भुवनेला विचारलं, तर लाजायचं सोडून मोगरा आणायला गेली.

रघोजीला टोपलीसकट परत पाठवलं. ऑगस्टात आवणी महिना लागला की ये, पुढची गाठ इथं मारू.

तुला तिकडं परातभर लागले. मला इकडं एकच लागला, ताडाएवढा, आणि तोंड कागदाचं.

लोभ आहेच, गळही आहे.
तुझा मामा, आणि आता सासरा,
अमरसिंह