साफ केलेला आवाज

॥ श्री ॥

अमरावती, २४ मे २०२१

ती. हर्षाताईस,
धाकट्या गोपालचा शि. सा. न. वि. वि.

‘ती.’च्या पुढे दर वेळी ‘सौ.’ लिहायचो, ते आज लिहवलं नाही. त्याऐवजी जे लिहितात ते तर मी मुळीच लिहिणार नाही. जागा तशीच सोडली आहे, समजून घे. फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मीही तेच करतो, म्हणून हे पत्र.

आम्ही सगळे ठीक. लग्नं बंद, म्हणून ऑर्केस्ट्राही बंद. खिडकीला आईच्या गोधड्या टांगायच्या, आवाज नको म्हणून कूलर बंद करायचा आणि भर उन्हात कीबोर्ड रेकॉर्ड करत बसायचं, असं चाललं आहे. घामाने बोटं घसरतात. फंक गं, भाऊजींना ज्याचं वेड होतं ते ठेक्याचं इंग्रजी संगीत. त्यात सगळा भार बेस गिटारवर. कीबोर्डवाल्याने मधल्या फटीत दोन सूर टाकून गप्प बसायचं. बाबा म्हणाले की हे काय वाजवून रायला बे, मोटर नुसती घरघर करून रायली अन् पाणी काई येऊन नाई रायलं. आई हसली. मी हसलो की नाही, आठवत नाही.

ताई, या गाण्यातला बेस भाऊजींचाच आहे. आजारी पडायच्या आधी त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवला होता. त्यात फार कचरा होता. कूलर, कुकर, मधेच तुझी हाक. मी मन लावून सगळं साफ केलं. आता ते शेजारी बसून वाजवताहेत असं वाटतं. त्यांच्या अंत्यविधीला निघालो होतो तर मूर्तिजापूरच्या नाक्यावरून पोलिसांनी पास नाही म्हणून परत फिरवलं. एवढं तरी त्यांच्यासाठी नीट करावं म्हटलं. मोबाइलवर पाठवलं आहे, ऐक.

माझ्या भाचीला, आचलला पापा. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
गोपाल


अकोला, ३१ मे २०२१

चि. गोपाल यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गाणं दोनदा ऐकलं. आचल दोन्ही वेळा नाचली. मला काहीच वाटलं नाही. तुला खोटं कशाला सांगू, हल्ली कशाचंच काही वाटत नाही. स्वयंपाक होतो, मोगरा तोडून होतो, बाजार बंद म्हणून तो टोपलीतच वाळतो. शेजारच्या कौशल्याकाकू म्हणतात की एकदाची रडून घे वं पोरी, नाईतर तूच आजारी पडशील. आता रडू येत नाही त्याला मी काय करू?

पण तू लिहिलेली ती हाक डोक्यातून जात नाही. मी काय म्हणत होते रे? ते रेकॉर्डिंग केलं त्याच संध्याकाळी ह्यांना ताप भरला. मग हे वरच्या खोलीत, मी दाराशी ताट ठेवून खाली. बोललं की खोकला उसळायचा, म्हणून बोलणंच बंद. ॲम्ब्युलन्स आली तेव्हाही नाही. म्हणजे त्या दुपारचं तेच आमचं शेवटचं धड बोलणं. मला वाटतं, गिटारीवरून मी फार टाकून बोलले होते. तसं असेल तरी चालेल, पण मला ते माहीत हवं. तुझं साफ केलेलं गाणं राहू दे. मला तो कचरा पाठव.

आईबाबांना नमस्कार. ताईला विसरू नको.

हर्षा


अमरावती, ७ जून २०२१

ती. हर्षाताईस,
शि. सा. न. वि. वि.

कसं सांगू? मोबाइल भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंग मी उडवून टाकलं. आणि तू काय म्हणालीस ते मी ऐकलंच नव्हतं गं. तुझा आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, एवढंच बघत होतो. कापायला.

आता ते असलंच तर भाऊजींच्या मोबाइलमध्ये. दवाखान्यातून मिळालेली पिशवी तू अजून उघडली नाहीस, हे आईकडून कळलं. नको वाटलं तर उघडू नको. रागाव, पण पत्र लिही.

गोपाल


अकोला, १५ जून २०२१

चि. गोपाल यास,
अनेक आशीर्वाद.

पिशवीची गाठ सुटेना, शेवटी विळीवर कापली. मोबाइल चार्जिंगला लावला आणि कणीक मळायला गेले. मग तो घेऊन वरच्या खोलीत बसले.

कूलर आहे, कुकर आहे. मग मी. किती टुंगटुंग लावली तुमी, भाकरी निवून रायल्या, आता मी काई वाढत नसते, असं म्हणाले. आवाज चांगलाच चढलेला. म्हणजे माझी भीती खरीच होती. पण त्याच्यापुढे हे हसले आहेत रे. आलो वं, एवढं वाजवू दे, असं म्हणाले आणि वाजवतच राहिले. नीट कान दिला तर खाली ताटं मांडल्याचा आवाज येतो. वाढणार नाही म्हणत मी वाढतच होते.

रेकॉर्डिंग पाठवते आहे. तुझे दोन सूर टाक, पण यातलं काहीही काढू नको. कूलरसुद्धा नाही.

मला अजून रडू आलेलं नाही. ऐकून संपलं तेवढ्यात आचलने खालून हाक मारली, भूक लागली म्हणून. मी आले म्हटलं, आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तुझी,
हर्षाताई