फाटक्या दुधाचं कालवण

अण्णा, तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, आणि इतका राग मला तुमच्या जिवंतपणी एकदाही आला नव्हता. गेल्या आठवड्यात आला. तोही कशावरून, तर पनीरवरून. तुमची नात सुटीत पुण्याहून परभणीला घरी आली होती. तिला हल्ली स्वयंपाकाचं वेड लागलंय. मोबाईलवर बघून काहीबाही करत असते, चीज घातलेले पराठे काय, भाजलेलं पनीर काय. त्या दिवशी म्हणाली, विकतचं नको, मी घरीच करते पनीर. दोन लिटर दूध गॅसवर ठेवलं, लिंबं कापली. आई तिथेच खुर्चीवर लसूण सोलत बसली होती, म्हणून सहज तिच्यापुढे अर्धं लिंबू धरलं. "आजी, तू पीळ ना. तुझ्या हातचं होऊ दे." आईने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. "मला नगं सांगूस, माय. माझ्या हातानं दूध फाटतंय." पोरगी खळखळून हसली. "अगं आजी, फाटायलाच तर पाहिजे!" आई हसली नाही. लसणाचं ताट तसंच ठेवून उठली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. पोरगी माझ्याकडे बघायला लागली, की मी काय चुकीचं बोलले. मी गॅस बारीक केला, मोठा केला, पुन्हा बारीक केला. तिचं काहीच चुकलं नव्हतं. कोणाचं चुकलं होतं ते मला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

पनीर हा शब्द आपल्या पिंगळीच्या घरात नव्हताच. आपण 'फाटक्याचं कालवण' म्हणायचो. तुम्ही गावातलं आणि आसपासच्या वाड्यांवरचं दूध गोळा करून परभणीला डेअरीत घालायचे, मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना दोन दोन क्यान बांधून. उन्हाळ्यात कधीमधी डेअरीतला माणूस चमच्यात थोडं दूध तापवून बघायचा आणि म्हणायचा, हे फाटलंय, परत न्या. मग दुपारी ते सगळं दूध घरी यायचं. आई मोठ्या पातेल्यांमध्ये ते उकळायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून आढ्याच्या खुंटीला टांगायची, पाणी निथळलं की वर पाटा ठेवून दाबायची. संध्याकाळपर्यंत पांढरी घट्ट वडी तयार. तिचे तुकडे तेलात तांबूस तळून ती काळ्या मसाल्यात आणि शेंगदाण्याच्या कुटात सोडायची, वर बोटभर तर्री, सोबत गरम भाकरी. उरलेल्यात गूळ आणि वेलदोडा घालून परतायची, ते आम्ही भावंडं परातीला बोटं लावून चाटून खायचो. खोटं कशाला बोलू, इतकं चवदार मी नंतर कुठे खाल्लं नाही. डोळे मिटले की आजही तो वास येतो. आणि त्याचीच चीड येते. आम्हा पोरांना तो सण वाटायचा. दूध फाटलं म्हणजे आज मजा. तुम्हीही ताटावर बसून म्हणायचे, "तुझ्या हातच्या ह्या कालवणाला तोड न्हाई बग." आई पदराआडून हसायची. दुपारी काय झालं होतं हे त्या ताटावर कोणी काढायचं नाही.

दुपारचं मी काढते. एक दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. तुम्ही गाडी अंगणात लावता, क्यान खाली उतरवता, आणि ओरडता, "बाहेर ये!" आई चुलीपुढून येते, हाताला पीठ. शेजारची माणसं ओट्यावर येऊन उभी राहतात. आत्या त्या वेळी आलेली असते, ती दारात. "कशी धुतलीस गं क्यान?" "गरम पाण्यानं धुतली की, सोडा लावून." "मग दूध कामून फाटलं? वास घे. घे मनलं ना वास!" आणि तुम्ही तिच्या मानेवर हात ठेवून तिचं डोकं क्यानच्या तोंडात दाबता. बांगडी क्यानच्या काठावर आपटून फुटते. ती आतूनच म्हणते, "चुकलं माझं, चुकलं." तो आवाज क्यानच्या आत घुमून येतो, विहिरीतून आल्यासारखा. आत्या म्हणते, "एकेकीचा हातच तसला असतोय." मी रांजणापाशी उभी आहे. माझ्या हातात नवी कोरी कंपासपेटी आहे, झाकणाला लोहचुंबक असलेली. वर्गात कुणाकडेच नव्हती तसली.

आत्याचं ते वाक्य गावभर झालं. पहिल्यांदा बायका चेष्टेनं म्हणायच्या, मग खरंच मानायला लागल्या. कुणाकडे बारसं असलं की आईला पोळ्या लाटायला बोलवायचे, पण खिरीच्या पातेल्यापाशी येऊ द्यायचे नाहीत. विरजण मागायला कोणी आपल्या दारात येईना. तिनेही मग स्वतःच मागे सरायला सुरुवात केली. क्यान तीन-तीनदा घासायची, उन्हात पालथ्या घालायची, पुन्हा उचलून नाक लावायची. सोड्यानं तिच्या बोटांना भेगा पडायच्या, त्यात ती रात्रभर तेल भरायची. तुम्ही हे सगळं बघत होतात, अण्णा. रोज. माझं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा मला चार दिवस दूध नव्हतं. गाईचं दूध कोमट करून पोरीला पाजायचं होतं, आणि माझी स्वतःची आई चुलीपासून चार हात लांब उभी राहून शेजारणीला हाका मारत होती, "बाई, तेवढं दूध तापवून द्या की, माझ्या हातानं फाटल." तुम्ही बाहेर बाजेवर पेपर वाचत होतात. खोली काही लांब नव्हती. ऐकू गेलंच असणार तुम्हाला. तुम्ही पान उलटलंत.

आता खरं काय ते. उन्हाळ्याच्या सुटीत तुम्ही मला परभणीला सोबत न्यायचे. शहराच्या अलीकडे ट्रॅक्टर दुरुस्तीचं एक गॅरेज होतं, त्याच्या मागे पत्र्याची शेड. तिथे तुमचा पत्त्यांचा अड्डा बसायचा. सकाळी आठाला आपण डेअरीत पोचायला हवं, पण तुम्ही तिथे गाडी उभी करायचे आणि म्हणायचे, "एकच डाव." क्यान गाडीवरच, वर ओलं बारदान. वैशाखातलं ऊन. बारदान अर्ध्या तासात वाळून कडक व्हायचं. मी गॅरेजमधल्या माठातून तांब्यानं पाणी आणून त्यावर ओतायचे. तांब्या घेऊन दहा-दहा चकरा मारायचे. एकदा आत येऊन म्हणाले, "अण्णा, क्यान तापायल्यात." तुमच्या सोबत्यांपैकी एक जण हसला, "पोरगी हुशार हाय." तुम्ही पत्त्यांतून मान वर न काढता म्हणालात, "आलोच." तुम्ही आलात तेव्हा अकरा वाजून गेले होते. डेअरीतल्या माणसाने दूध तापवलं आणि मान हलवली. परत येताना बाजारात गाडी थांबवून तुम्ही मला ती कंपासपेटी घेऊन दिलीत. मी मागितली नव्हती. "आईला सांगायचं न्हाई आपण कुटं थांबलो ते. इचारलं तर सांग, डेअरीत लय लाईन हुती." मी मान डोलावली. घरी आल्यावर तुम्ही काय केलंत ते वर लिहिलंच आहे. त्या संध्याकाळी आईने फुटक्या बांगडीच्या काचा वेचता वेचता माझी पेटी हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "किती जीव लावतात बग तुझे अण्णा तुला."

असं त्या दोन उन्हाळ्यांत सात-आठ वेळा झालं. दर वेळी मला काहीतरी मिळालं. रिबिनी, आईस्क्रीमचा कप, एकदा चंदेरी पट्ट्यांचे सँडल. माझं तोंड बंद ठेवायला इतकं करायची गरजही नव्हती. आईने मला कधी विचारलंच नाही. तिला वाटलं, चूक तिचीच. आणि गाव? गाव आजही तुम्हाला देवमाणूस म्हणतं. मागच्या महिन्यात पिंगळीला एका लग्नात गेले, तर एक म्हातारा माझा हात धरून सांगत होता, "तुझ्या बापावानी दिलदार माणूस पुन्हा झाला न्हाई." मी हसून मान डोलावली. मान डोलवायला तुम्हीच शिकवलंय मला. मी शाळेत पोरांना रोज सांगते, खरं बोला, घाबरू नका. आणि घरात आई चाळीस वर्षं दुधाच्या पातेल्याला लांबून बघते. तुम्हाला एकदा, निदान आजारपणात, निदान शेवटच्या महिन्यात, जेव्हा ती तुमचं सगळं अंथरुणात करत होती, तेव्हा तरी सांगता आलं नसतं? चार शब्दांचं काम होतं. तुझी चूक नव्हती गं. तुमच्या जिभेला ते चार शब्द इतके जड झाले?

तर त्या दिवशी मी गॅस बंद केला आणि बाहेर जाऊन आईसमोर बसले. पोरगी दारात उभी होती. मी सगळं सांगितलं. गॅरेज, शेड, पत्ते, ऊन, बारदान, रिबिनी, सगळं. मला वाटलं होतं ती रडेल. मला वाटलं होतं तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल आणि ती माझ्या तोंडावरून हात फिरवेल. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू हुतीस तिथं?"

"होते."

"दर बारीला?"

"दर वेळी."

"माझं डोकं क्यानात घातलं तवा बी तुला ठाव हुतं?"

मी हो म्हणाले. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू अंगणात कोणी परकी बाई येऊन उभी आहे. "धा वर्साची हुतीस," ती म्हणाली. मला वाटलं ती मला माफ करायलीय. तिने पुढे म्हटलं, "धा वर्साच्या पोरीला बोलता येतंय." मग तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नातीशी बोलायची, शेजारणीशी बोलायची. माझ्या हातचा चहा ती घ्यायची नाही. स्वतः उठायची, पातेलं ठेवायची, स्वतः दूध ओतायची आणि उभी राहून उतू जाईपर्यंत बघायची. एकदाही फाटलं नाही. फाटणार कशाला? मी दारातून बघायचे. आत जायची हिंमत व्हायची नाही. हेही तुमच्याच खात्यावर मांडते मी, अण्णा. तुम्ही निघून गेलात आणि तिचा राग झेलायला मला मागे ठेवलंत.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही मेथी निवडत होतो. पोरगी पुण्याला निघून गेली होती, घर रिकामं होतं. आई खालीच बघत होती. अचानक म्हणाली, "वाटंनं येताना काई बोलायचे का ते?"

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल. जिवाला लागायचं का काई त्यांच्या?"

तिच्या हातात मेथीची जुडी तशीच राहिली होती. मी तिच्या बोटांकडे बघितलं. म्हणाले, "एकदा रडले होते. वाटेत बाभळीखाली गाडी थांबवून. म्हणाले, मी लय वाईट वागायलोय तिच्याशी."

आईने जुडी मांडीवर ठेवली. मग "रडले व्हय," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा पानं खुडायला लागली. थोड्या वेळाने, "मला वाटलंच हुतं. दगड नव्हते ते." संध्याकाळी तिने मला हाक मारली, माझ्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी वाढली.

तुम्ही रडला नव्हतात, अण्णा. बाभळीखाली गाडी थांबली नव्हती. ते सगळं मी रचलं, आणि तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी. चाळीस वर्षं जे तिला तुमच्याकडून मिळायला हवं होतं, ते मी तुमच्या नावावर तिला दिलं, आणि तिने ते तुमच्याकडून म्हणून घेतलं. आता ती पुन्हा तुमच्या फोटोला सकाळी फूल वाहते. मला ते बघवत नाही आणि थांबवताही येत नाही.

हे सगळं मी शाळेच्या एका जुन्या वहीत लिहिलंय. आईला वाचता येत नाही, पण नातीला येतं, आणि ती दिवाळीला पुन्हा येईल. म्हणून ही पानं मी उद्या फाडून टाकीन. फाडण्याआधी एक कबूल करते. तुम्ही रडला नव्हतात असं मी वर ठणकावून लिहिलंय खरं, पण ते मला ठाऊक नाही. येताना मी गाडीवर मागे बसायचे. मला तुमची नुसती पाठ दिसायची.