ठोकळ्यातलं भोक

१७ ऑक्टोबर १९७४, गुरुवार

हातोडी काढून घेतली माझी! बत्तीस वर्षं शाफ्टवर हातोडी मारून, आवाज ऐकून सांगत आलो — हा चांगला, हा आतून फुटका. आता गुरुबसप्पा म्हणतो, "काका, तुम्ही स्टोअर सांभाळा. मशिन आलंय." मालक आहे, म्हणणारच. याच्या बापाने मला वर्कशॉपात घेतलं तेव्हा हा चड्डी सावरत फिरत होता.

मशिन म्हणजे रेडिओएवढी पेटी. तोंडाला काच, काचेवर हिरवी रेघ. शाफ्टला तेल लावायचं आणि त्यावर एक बटण फिरवायचं. आत चीर असली की रेघ उडी मारते. चालवणारा बसवराज, आपल्या अक्कलकोटकडचाच. आधी विमानाची इंजिनं करतात तिथे होता. जेवताना सगळ्यांना सांगत होता — इंजिनातल्या चकतीत केसाएवढी चीर राहिली तर विमान आकाशातच फुटतं, आणि ती चीर कानाला कळत नाही. 'कानाला' म्हणताना माझ्याकडे बघितलं! पुढे कसल्याशा पोलादी ठोकळ्याबद्दल सांगत होता. मी डबा बंद करून उठलो. ऐकलंच नाही.

१८ ऑक्टोबर

पोट बिघडलंय. दानम्मा म्हणते, "मशिन तिकडं बसवलंय, आणि गुरगुर तुमच्या पोटात!" बायको आहे की वैरीण?

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारांची पूजा दरवर्षी मी मांडतो. एवढं तरी मशिनला येत नाही.

सकाळी सगळी हत्यारं पुसायला घेतली. बसवराजचा ठोकळा स्टोअरमध्येच असतो. पुसताना उलटा केला तर खालच्या अंगाला भोक! बारीक, पण खोल. भंगलेली मूर्ती आपण देव्हाऱ्यात ठेवत नाही, मग भंगलेलं हत्यार पूजेत कसं मांडायचं? एवढा शिकलेला माणूस आणि फुटका ठोकळा वागवतो! भोकात पोलादी खिळा गच्च ठोकला, तोंडाशी झाळ दिली, कानस मारली, पॉलिश पेपर फिरवला. भोक कुठे होतं ते मग मलाच सापडेना. सहावी शिकलोय, पण हात अजून शाबूत आहे. मग हळदकुंकू, झेंडू.

नबीलालने आपल्या लेथला स्वतः हार घातला. दरवर्षी घालतो. टर्नर आहे, माझ्यामागून दोन वर्षांनी लागला. म्हणाला, "अण्णा, नारळ मीच फोडतो. तुझ्या हातात आता दम न्हाय." फोडला तो माझ्या धोतरावर पाणी उडवून! आणि वर हसला गाढव.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

नबीलालने कातलेले दोन्ही शाफ्ट नापास! साखर कारखान्याचे, ऊस पिळायच्या रोलरचे. गळीत तोंडावर आलंय. काल बसवराजने बटण ठेवलं की रेघ नुसती नाचत होती. लाल खडूने फुल्या मारल्या दोन्हींवर. आज गुरुबसप्पा सगळ्यांदेखत ओरडला, "घाईघाईत खोल काप घेतलास आणि लोखंड फाडलंस!" नबीलाल एवढंच म्हणाला, "मालक, माझ्या हाताखाली लोखंड फाटलं असतं तर आधी मला कळलं असतं की."

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. मशिनने नाक कापलं की कसं लागतं, आता त्यालाही कळू दे.

दुपारी कुणी नाही असं बघून पाना घेतला आणि शाफ्टवर मारला. देवळातल्या घंटेसारखा आवाज! दुसऱ्याचाही तसाच. म्हणजे काय? माझा कान गेला?

१ नोव्हेंबर

राहवलं नाही. बसवराजला सहज विचारल्यासारखं विचारलं — तुझ्या ठोकळ्याला भोक कशाला रे?

"काका, ते मुद्दाम पाडलेलं असतं. किती मोठं ते ठरलेलं असतं. आधी मशिनला ते दाखवायचं. नीट दिसेपर्यंत जोर वाढवायचा, रेडिओचा आवाज वाढवतो तसा. मग शाफ्टला लावायचं."

"आणि दिसलंच नाही तर?"

"तर वाढवत जायचं. परवा लई वाढवावा लागला."

"लई वाढवला की?"

"मग चांगल्या लोखंडातला साधा कणसुद्धा चिरेसारखा दिसतो—"

बोलता बोलता थांबला आणि काचेकडे बघत राहिला. मी केलं हे! मीच केलं!

२ नोव्हेंबर

सांगितलं नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. घरातच फेऱ्या मारल्या. सांगितलं तर स्टोअरही जाईल. या वयात मला कोण दारात उभं करणार? आणि माझी तरी काय चूक? पूजा नीट व्हावी म्हणूनच केलं ना! नबीलालला चार शिव्या बसल्या, बसू देत. विसरतील.

६ नोव्हेंबर, बुधवार

नबीलालला काढलं.

लेथ पुसला, हत्यारं जागच्या जागी ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला. जाताना स्टोअरच्या खिडकीशी आला. "अण्णा, तू मालकाला सांग की. तू ठोकून बघ, शाफ्ट चांगले हायेत. तुझं ऐकतील."

मी म्हणालो, "आता माझं कोण ऐकतंय?"

हे बोललो मी. तोंड उचलून बोललो. थू!

९ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं! आज ठोकळा घेऊन गुरुबसप्पासमोर उभा राहिलो आणि सगळं ओकलो — भोक, खिळा, झाळ. म्हटलं, मला काढा, नबीलालला बोलवा. शाफ्ट पुन्हा तपासा.

वाटलं, ठोकळा माझ्या अंगावर फेकेल. पण नाही! खुर्ची दिली. पाणी दिलं. "काका, आणखी कुणाला बोललात?" नाही म्हणालो. "मग बोलू नका. बसवराज आता दुसऱ्या गावाला गेलाय, तो आला की तपासू. दिवाळी होऊ द्या, नबीलालचं मी बघतो." माझे दोन्ही हात हातात घेतले. मला रडूच आलं. बापावर गेलाय पोरगा. उगाच इतके दिवस त्याच्याबद्दल वाईटसाईट लिहिलं.

नबीलालच्या लेथवर सध्या गुरुबसप्पाचा मेहुणा बसतो. तात्पुरता, म्हणाला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मागच्या आवारात गेलो होतो. शाफ्ट एकदा नीट ठोकून बघावेत आणि संध्याकाळी नबीलालच्या घरी जाऊन सांगावं, असं ठरवलं होतं. जागा रिकामी! गेटवर राखणीला गुंडा असतो, त्याला विचारलं.

"ते व्हय? गेलं की कारखान्याला. गेल्या सोमवारीच ट्रक भरला, आठ दिस झालं. त्याच्या आदल्या दिशी, रईवारी, मशिनवाल्यानं परत तपासलं. सोताचा दुसरा ठोकळा आणला हुता. चांगलं हायेत म्हनला. मालक हितंच हुभं हुतं."

शाफ्ट गेले सोमवारी. नबीलालला काढलं बुधवारी.