न शिवलेलं दोन मीटर कापड

मास्तर, आज रविवार, १४ डिसेंबर २००८. सकाळचे सव्वासात झालेत आणि मी तुमच्याच मशीनवर एका ब्लाऊजची बाही जोडतोय. ब्लाऊज माझ्या आईचा आहे. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, म्हणून दोनदा वाचून पाहिलं. चूक नाही.

तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. मागच्या सोमवारी दुकान बंद ठेवून मी सुरगाण्याची एसटी धरली आणि तिथून पायी आमच्या पाड्यावर गेलो. गाव कसं सापडलं ते शेवटी लिहीन. आधी हे लिहितो, की मी हरवलो त्यात आईची चूक नव्हती. द्राक्षांचं काम संपलं की मुकादम जोडपी मोजायचा, पोरं नाही. बाया झोपलेली लेकरं बोचक्यांबरोबर गाडीत टाकायच्या. कुणाचं कुठल्या गाडीत, ते पाड्यावर उतरल्यावर बघायचं. दर वर्षी असंच चालायचं. त्या वर्षी दोनपैकी एक गाडी बांधकामासाठी देवळालीकडे वळली आणि मी तिच्यात होतो. कॅम्पाच्या बाजारात पाणी प्यायला उतरलो, गाडी निघून गेली. मी सात वर्षांचा. तुम्ही दुकानाच्या पायरीवरून मला आत घेतलंत. पुढे कुणी जवान वर्दी न्यायला आला की विचारायचा, "मास्तर, हे पोरगं कुठलं?" तुम्ही म्हणायचात, "कात्रणातून निघालं." सगळे हसायचे. मीही हसायचो.

चौथीनंतर तुम्ही मला वर्दीवरच्या नावपट्ट्या भरायला बसवलंत. एकदा मी एक अक्षर चुकवलं आणि गुपचूप उसवलं, तर तुम्ही पट्टी उजेडात धरलीत. "बघ. दोरा निघाला, भोकं राहिली. माणसाचं नाव आहे ते." तेव्हापासून प्रत्येक अक्षर मी आधी कागदावर लिहून बघतो.

पाड्याच्या बाहेर, सागाच्या झाडांखाली, मेलेल्यांसाठी लाकडाच्या कोरलेल्या फळ्या उभ्या करतात. आई मला तिथेच भेटली. म्हातारी झालीय. मी कोण ते सांगितलं. तिनं माझ्या कानामागचा डाग बघितला, रडली नाही, हात धरून एका बुटक्या फळीपुढे नेलं. "ह्यो तू. दोन वर्सं शोधला, मग बसवला. दर साली भात ठेवतंय तुला." मी विचारलं, आता ही काढायची का? "बसवलेला काढत नाय रं. आता दोन पोरं झाली मला. एक लाकडाचं, एक लय उशीर करणारं." मग हसली. तिला दात तीनच उरलेत.

मग ती म्हणाली, "तुला बसवला त्याच्या दुसऱ्या साली एक शिंपी आलता, मुकादमांकडनं पत्ता काढत. टेप गळ्यातच ऱ्हायलेला. तुजं इचारलं. मी ही फळी दावली. लय रडला तो. म्हन्ला, माझंबी एक पोर हाय. मला कापड दिलं न गेला." तिनं पेटीतून कापड काढलं. जांभळं पॉपलीन, दोन मीटर, कडेला तुमच्या निळ्या खडूची खूण.

तो दिवस मला आठवतो. मी दहा वर्षांचा. तुम्ही अंधार पडता पडता येता, चपलांना लाल माती. मी विचारतो, कुठं गेला होता? "कापड आणायला." कापड कुठंय? "पसंत पडलं नाही." आणि तुम्ही तोंड धुवायला जाता, बराच वेळ धूत राहता.

मास्तर, तुम्ही तिच्यासमोर उभे होतात. मी जिवंत आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं.  तुमचा फोटो मी भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, अजून तसाच आहे.

पण कापड घेऊन निघण्याआधी आईचं माप घेतलं. तुम्ही शिकवलं तसं, श्वास न रोखता, टेपखाली एक बोट ठेवून. छाती तीस. अठरा वर्षांनी मी तिला हात लावला तो असा, वहीत आकडे लिहीत. ती म्हणाली, "तुजा हात हलका हाय रं. कुणी शिकवलं?" मी म्हणालो, एका शिंप्यानं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि कापडावरच्या निळ्या खुणेवरून बोट फिरवलं.

आता गावाचं. पहिल्या दिवशी चहात पाव बुडवून माझ्या हातात देताना तुम्ही विचारलंत, "गाव कुठलं रे तुझं?" मला नाव येत होतं. मुकादमाचंही येत होतं. मी म्हणालो, "आठवत नाय," कारण मला दुसरा पाव हवा होता. पुढची अकरा वर्षं ते रोज आठवायचं. तुम्ही गेल्यावर आणखी सात वर्षं मी थांबलो, आणि तेव्हा मला अडवायला कुणीही नव्हतं.

ब्लाऊज उद्या एसटीनं न्यायचाय. हा कागद चुकून त्या पुडक्यात जाऊ नये म्हणून मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली ठेवतोय. आईला वाचता येत नाही. तरीपण.